गोमाईच्या भरवशावर

नदी माणसापेक्षा शब्दाची पक्की, असं धनुबाईचं मत होतं. गोमाई सातपुड्यातून उतरते, तिच्या घरामागून वळते, शहाद्यावरून जाऊन प्रकाशा गावापाशी तापीत मिळते, हे लहान पोरही सांगेल. धनुबाई स्वतः मात्र शहाद्याच्या खाली कधी गेली नव्हती. आणि दीर गिरधर? तिच्या नवऱ्याच्या, सुपडूच्या अस्थी प्रकाशाच्या तीर्थावर नेतो म्हणाला, पण आधी कापूस निघू दे, मग तूर निघू दे. अशानं मेलेला माणूस मुक्तीला कधी पोचायचा!

म्हणून छत्तीस सालच्या पौषात तिनं वाळका भोपळा कोरला, नवऱ्याच्या अस्थी आत ठेवल्या, तोंड मेणानं बंद केलं आणि तो गोमाईत सोडला. सुटी हाडं वाटेत पांगली असती.

"सिध्धा परकाशाले जा, कोठे थांबू नका," तिनं बजावलं. भोपळा डुलत डुलत वळणाआड गेला.

घर खायला उठायचं. एका जिवासाठी चूल पेटवायचाही कंटाळा यायचा. पण माणूस मार्गी लागला, एवढ्या समाधानावर तिनं दोन महिने काढले.

फाल्गुनात भिला कुंभार मडकी विकायला शहाद्याहून आला. तिनं सहज नदीचं विचारलं.

"पानी कसानं, वैनी? शहादाना खाल गोमाई कोल्ली शे. नुसती रेती."

"परकाशापावत जास ना पन?"

"पूर उना तव्हय जास."

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून, टोपली डोक्यावर घेऊन धनुबाई पात्रातूनच निघाली. एकेक डोह, एकेक झुडूप धुंडाळत शहाद्यापर्यंत जायची तिची तयारी होती. पाव कोसही झाला नसेल, तोच करंजाच्या मुळांत अडकलेला भोपळा दिसला. पाणी ओसरून तो वाळूवर पडला होता.

"तुम्ही आठेच शेतस!" तिनं भोपळा उचलून घेतला. आधी राग आला, मग इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. दोन महिने ती भिंतींशी बोलत होती आणि हा बाबा घराजवळच पडून होता.

भोपळा टोपलीत घालून ती तशीच पुढे निघाली. गाय आटली, गिरधरच्या तुरीला कीड लागली, सगळं सांगत गेली. शहाद्याखाली नुसती वाळू लागली तेव्हा म्हणाली, "दखा, नदीबी थकी गयी." उभ्या संसारात दोघं मिळून अशी कुठे गेलीच नव्हती. जत्रेलाही तो पुढे पुरुषांत, ती मागे बायकांत.

तिसऱ्या दिवशी तापीचं पाणी दिसलं आणि तिचा पाय उचलेना. किती वेळ ती टोपली मांडीवर घेऊन बसली. शेवटी मेण फोडलं आणि अस्थी पाण्यात सोडल्या.

परतताना पात्रात शेळ्या चारणारी एक म्हातारी भेटली. "कोन शे वं संगे? बोलनं ऐकू उनं."

धनुबाई थबकली. डोक्यावरच्या टोपलीत हात घालून तिनं रिकामा भोपळा चाचपून पाहिला.

"कोनी नई," ती म्हणाली आणि मग घर येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही.