भाऊजींची उमेदवारी

मे महिन्यात भर दुपारी, सगळी गल्ली दारं लोटून कूलरसमोर पडलेली असताना, आमचे मुकुंद भाऊजी फिरायला निघत. डोक्याला पंचा, पायांत जर्मनीहून आणलेले जाड बूट आणि खांद्याला पाण्याची बाटली. सोलापूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको. समोरच्या अंबक्का खिडकीतून बघत आणि संध्याकाळी मला गाठत. "तुमचे दीर उन्हातनं कुटं जातेत हो? भोवळ येऊन पडतील की!" मी ठसक्यात सांगायची, "ऊन मोजतात ते. हवामानाचे शास्त्रज्ञ आहेत."

शास्त्रज्ञ ते होतेच. यांचे धाकटे भाऊ. हवामानबदलावर पीएचडी, मग दोन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक. पत्र्याच्या घरांत आणि यंत्रमागांच्या शेडमध्ये राबणाऱ्यांना किती उष्णता सोसावी लागते, आणि त्यांच्या कामाच्या वेळा सरकारने कशा ठरवाव्यात, हा त्यांचा विषय. "आज तापमान किती हो?" असं कुणी विचारलं की ते उलट विचारत, "सावलीतलं सांगू की उन्हातलं?" पेपरात येतं ते सावलीतलं आणि माणूस राबतो उन्हात, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुढे 'कसं काय चाललंय?' या प्रश्नालाही ते हेच उत्तर द्यायला लागले. लोक हसत. मीही हसायची.

जर्मनीतली मुदत संपली आणि ते घरी आले, तेव्हा पोस्टडॉक म्हणजे काय ते मला कळलं. मला वाटायचं, डॉक्टरच्याही वरची पदवी असेल, कायमची खुर्ची असेल. "छे हो वहिनी," ते म्हणाले, "उमेदवारी आहे ती. पूर्वी पोरं शिंप्याकडे उमेदवारी करायची की नाही, तशी. फक्त आमचा शिंपी दर दोन वर्षांनी बदलतो, आणि स्वतःचं दुकान काही होत नाही." रोज सकाळी लॅपटॉप उघडून ते अर्ज करत बसत. कधी स्वीडन, कधी भुवनेश्वर. पुष्कळ ठिकाणी अट असायची, पीएचडी होऊन फार वर्षं झालेली चालणार नाहीत. "लग्नात मुलीचं वय बघतात ना, तसं आमच्यात पीएचडीचं बघतात. माझी थोराड झाली," असं म्हणून तेच मोठ्याने हसत. त्यांचे कानाजवळचे केस तेव्हा पांढरे झाले होते.

मी मात्र चारचौघांत 'जर्मनीत असतात' हे वाक्य बदललं नाही. ज्यांना ते दिसत त्यांच्यासाठी 'रजेवर आलेत', बाकीच्यांसाठी जर्मनीच. एवढा शिकलेला माणूस, बिनलग्नाचा, घरी बसलेला. लोकांना काय सांगणार? एकदा मी म्हटलं, "भाऊजी, संध्याकाळी जा की फिरायला. हे मोजमाप जिवावर बेतेल एखाद दिवशी." ते बूट बांधत होते. वर न बघता म्हणाले, "मोजायला कुठं जातोय वहिनी? या वेळेला रस्त्यावर विचारणारं कुणी नसतं."

मी त्यांना पंचा ओला करून दिला तेवढा.

त्याच महिन्यात आमच्या लेकीला, स्वातीला बघायला टेंभुर्णीचे पाहुणे यायचे ठरले. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि स्वातीच्याही मनात भरलेला. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मध्यस्थांना मी सांगून बसले होते, काका जर्मनीत प्रोफेसर आहेत. पाहुणे येणार त्या दिवशी भाऊजींच्या ताटात भाकरी वाढताना मी विचारलं, "आज तुम्ही दुपारी जाणारच असाल ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाणार की," म्हणाले. "जरा लवकरच जातो."

पाहुणे आले ते घाम पुसतच. मुलाचे वडील बसता बसता म्हणाले, "तुमचा भाडेकरू लई भला माणूस हाय बघा. आमी गाडी भलत्याच बोळात घातली हुती. तर एवढ्या उन्हात गाडीम्होरं चालत दारापतुर आला. आत चला की म्हटलं, तर म्हणला, न्हाय, मी हितं भाड्यानं राहतो."

यांचा सुपारी कातरणारा हात थांबला. सासऱ्यांनी बांधलेलं घर हे. भाऊजींचा जन्म इथलाच. स्वाती पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती, तिचीही नजर माझ्यावर. मी म्हणाले, "हो, भाडेकरू चांगला मिळालाय." पाहुण्यांनी मान डोलावली आणि बोलणी पुढे सुरू झाली. त्या 'हो'ची मला इतकी लाज वाटते, की अजून यांच्याशीही त्याबद्दल बोलता आलेलं नाही.

संध्याकाळी भाऊजी परतले. तोंड लालबुंद. स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायले आणि विचारलं, "जमलं?"

"जमलं."

"वा! पोरीनं नशीब काढलं." त्यांना खराच आनंद झाला होता, आनंदाचं सोंग त्यांना कधी जमलं नाही. मग म्हणाले, "माझंही एक जमलंय. भुवनेश्वरला, वर्षभराचं. लगेच रुजू व्हायचंय. स्वातीच्या लग्नाला काही मला येता यायचं नाही वहिनी. नव्या माणसाला रजा कोण देतो?"

लग्नाची तारीख अजून निघायचीच होती.

'असं कसं भाऊजी? काकाशिवाय लग्न होतं का कुठं?' एवढंच म्हणायला हवं होतं मी. रिकामा तांब्या हातात धरून ते थांबले होते, तेवढ्यासाठीच थांबले होते. आणि मला आतून हायसं वाटलं. मी गॅसकडे वळले आणि म्हणाले, "बरं. जेवायला काय करू?"