कुदळकाकांचा पहारा

कुदळकाका कुठलंही अवजार विकत घेण्याआधी त्याला मार देत. दिघ्याचा हार्डवेअरवाला त्यांना लांबून पाहिलं की आधी काउंटरवरचा चहा उचलून ठेवी. कुदळ घ्यायची, दुकानाच्या पायरीवर दणका घालायचा आणि ठिणगी बघायची, ही त्यांची पद्धत. "काका, पायरी फुटली!" असं तो ओरडला की म्हणायचे, "पायरी फुटली, कुदळ न्हाई फुटली. बांध ही!" खुरप्याची धार ते अंगठ्यावर बघत. रक्त आलं की अंगठा चोखत मला म्हणत, "हे घे. लाजरं खुरपं घिऊ नगंस."

काका मूळचे साताऱ्याकडचे, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात मुकादमी करून निवृत्त झालेले. ऐरोलीत आमच्या सोसायटीमागे, खाडीच्या बाजूला पडीक पट्टी होती. सोसायटीने तिचे वाफे पाडून ते हौशी सभासदांना वाटून दिले, तेव्हा मला काकांच्या शेजारचा मिळाला. मी ऑनलाइन संच मागवून तयारच होतो: हिरव्या प्लॅस्टिकचं फावडं, तसलाच काटा आणि गुलाबी फुलांचे हातमोजे. काकांनी फावडं गुडघ्यावर आपटून मोडलं, मग काटा मोडला, हातमोजे लाथेने गटारात घातले. "मातीला पावडर लावायला आलायस का, लेका?"

मग त्यांनीच मला कुदळ, फावडं, घमेलं घेऊन दिलं. कुदळीचा दांडा रात्रभर पाण्यात ठेव, लाकूड फुगलं की पातं घट्ट बसतं, असं बजावलंही. मी दांड्याला वॉर्निश लावलं. दिसायला फार सुंदर दिसत होता. पहिल्याच घावाला पातं सुटलं, काकांच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि त्यांचं लगडलेलं वांग्याचं झाड बुडापासून आडवं करून शेणखताच्या गोणीत रुतलं. काकांनी माझं मानगूट धरलं आणि पाण्याच्या पिंपात माझं डोकं बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. "आता कळलं, भिजवायचं म्हंजी काय?"

त्यांच्या लेखी बागकाम म्हणजे मारामारीच होती. गोगलगाय दिसली की टाचेखाली, घूस दिसली की फावड्याखाली. आम्ही बाकीचे सभासद निंबोळी अर्क फवारत एकमेकांकडे बघायचो.

खरी मारामारी पुढे झाली. पहाटे डंपर यायचे आणि तोडलेल्या इमारतींचं डेब्रिज मोकळ्या प्लॉटवर ओतून पळायचे. शेजारचा प्लॉट असाच बुजला होता. आता पाळी आमची होती, आणि पट्टी एकदा बुजली की सोसायटी तिथे पार्किंग करणार हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तक्रारी केल्या. काकांनी फाटकात खुर्ची टाकली आणि मांडीवर कुदळ घेऊन रोज पहाटे बसू लागले.

डंपर आला. काकांनी बोलणं वगैरे काही केलं नाही, थेट हेडलाइट फोडला. ड्रायव्हर टॉमी घेऊन उतरला आणि तो लोखंडी दांडा त्याने काकांच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी बाल्कनीतून ऐकला. धावत खाली आलो तोवर काकांचं कपाळही फुटलं होतं आणि तरी डाव्या हाताने ते समोरची काच फोडत होते. मीही त्वेषाने ड्रायव्हरच्या पाठीत घातलं. हातात बाल्कनीतली झारी होती, प्लॅस्टिकची. ड्रायव्हरने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. रक्ताने भरलेल्या तोंडाने काका ओरडले, "आरं, पानी काय घालतोस त्याला!" आणि कुदळ पुन्हा उगारली. ड्रायव्हर गाडीत चढला. डंपर भरलेलाच उलटा गेला.

हात वाकडाच जुळला. काकांना त्यानंतर कुदळ मारता आली नाही, पण फाटकातली खुर्ची हलली नाही. त्या थंडीत ते झोपेतच गेले. इतकं शांतपणे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही केलं असेल.

पंधरवड्याच्या आत डंपर परत आला. फाटकात मी होतो, हातात कुदळ. नव्या काचेमागून तोच ड्रायव्हर डोकावला. त्याने मला ओळखलं, आणि ते माझ्या फायद्याचं नव्हतं.

"वो बुड्ढा किधर है?"

"चाय पीने गया है," मी म्हणालो. "आता ही होगा."

इंजिन चालू ठेवून तो सोसायटीच्या भिंतीच्या वळणाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने रिव्हर्स टाकला.