बंद मशीनवर घेतलेली शपथ

दुकानाला लिंबू-मिरची बांधू न देणारा माणूस मी. शपथ, कौल, अंगात येणं — सगळं हसण्यावारी नेलं. आज सत्तरीला टेकल्यावर लिहितोय ते भुताटकीची गोष्ट रंगवायला नाही... एका माणसावरचा आळ लोकांसमोर काढायचा राहून गेलाय, म्हणून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यात माझं डीटीपीचं दुकान होतं, घर बोरगाव मेघेला. लग्नपत्रिका हेच मुख्य काम. कॉम्प्युटर चालवायचा बायकोचा सर्वात धाकटा भाऊ, रोहणा गावचा विनोद. राहायचा आमच्याच घरी. मशीन इतकं मंद की पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर उमटेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. विनोदनं मदरबोर्डवरचा जम्पर — पिनांवर बसणारी नखाएवढी प्लास्टिकची टोपी — एक घर सरकवला आणि प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जोरात पळू लागला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. पण घाई कधीच नाही. एक घर सरकवायचं, दिवसभर जड फाइली चालवायच्या, मग प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना हाताची मागची बाजू लावून बघायची, तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तशी. उन्हाळा लागला की उलट एक घर मागे.

"भाऊजी, आता पावसाळा लागेपर्यंत याले हात नका लावजा. इथं माणसाचं डोकं नाई टिकत, याचं काय टिकीन?"

"साळेसाहेब, मशीन चालवून राह्यले का बाळंतीण सांभाळून राह्यले?"

गिऱ्हाइकं हसायची. पण तीच गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "विनोदभाऊ आहे काय?" ते मला लागायचं.

त्या मे महिन्यात विनोदचं लग्न ठरलं. मुलगी आंजी गावची. होणारे सासरे पत्रिकेचा मजकूर घेऊन दुकानात येणार होते, आणि दुकान कोणाचं आहे ते मला त्यांना दाखवायचं होतं. विनोद यायच्या आधी मी कव्हर काढलं, जम्पर एकदम दोन घरं पुढे नेला, व्होल्टेजही वाढवलं. गणपती झर्रकन उमटला. मग पडदा गोठला, करपल्याचा वास आला, आणि मशीन पुन्हा उठलंच नाही. मी प्लग काढला, कव्हर लावून टाकलं.

दुपारी सासरे आले. पत्रिका न्यायला आलेली दोन-तीन माणसंही बसली होती. विनोदनं कव्हर उघडून जम्पर बघितला.

"हा इथं कसा आला?"

"तूच सांग. तुह्याशिवाय कोणाले समजते यातलं?"

"म्या नाई हलवला, भाऊजी."

इथे थांबता आलं असतं. पण सासरे माझ्याकडेच बघत होते. दसऱ्याला आम्ही त्या मशीनची पूजा करायचो, कव्हरवर कुंकवाचा डाग तसाच होता. मी कव्हर परत बसवलं आणि डागावर बोट ठेवलं. "लक्ष्मी आहे हे. ठेव हात, घे शपथ." माझा शपथेवर विश्वास नव्हता, म्हणून तर इतकं सहज म्हणू शकलो.

विनोदनं कुंकवावर तळहात ठेवला. "म्या हलवला असन तर..." आणि तो ओरडला. हात ओढला तेव्हा तळवा पांढराफटक पडला होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर फोड आले.

मशीन सकाळपासून बंद होतं. प्लग टेबलाखाली लोंबत होता. सासऱ्यांनी लगेच त्याच जागी हात ठेवून बघितला... पत्रा गार.

"देवानंच सांगतलं," ते म्हणाले. "आता माणसानं काय बोलावं?" मजकुराचा कागद त्यांनी घडी करून परत खिशात घातला.

कोणीतरी बर्फ आणायला उठलं. "बसा," मी म्हणालो. "खोट्याचा हात आहे. जळू द्या."

लग्न मोडलं. विनोद रोहण्याला गेला तो गेलाच. त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर मी त्याच डागावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "मी हलवला नाही." पत्रा गारच होता. पुन्हा म्हणालो. गारच.

नंतर जाणकारांना विचारलं. कोणी आत साठून राहिलेली वीज म्हणालं, कोणी कव्हरवर काही सांडलं असेल म्हणालं. मग माझा हात का भाजला नाही?

गेल्या हिवाळ्यात बायको गेली. त्यानंतर रोहण्याला गेलो. विनोद अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. तळव्यावर अजून चकचकीत वण. मी सगळं सांगितलं. तो सोलतच राहिला.

"मंग हात माहा काऊन जळला, भाऊजी?"

"मले नाई मालूम."

"म्या तर मानून बसलो होतो का म्याच हलवला असन. आठवत नाई, पण हलवला असन. देव कायले खोटं बोलन?" त्यानं टोपलं बाजूला सारलं. "घर गेलं, लग्न गेलं, तरी म्हणत होतो, देव तर खरा आहे. तेही तुमी आज घेऊन चालले."

मी हात जोडले. त्यानं तिकडे बघितलं नाही. "चहा पिऊन जाजा," म्हणाला आणि आत गेला. मी बराच वेळ बसलो. चहा आला नाही.

त्या दुपारी दुकानात जे होते, त्यांच्यासाठी लिहितो : जम्पर मी हलवला होता. हे मुलाच्या कॉम्प्युटरवर टाईप करतोय. मशीन तासभर चालू आहे, आत पंखा घरघरतोय. आत्ताच कव्हरवर तळहात ठेवून बघितला.

गार आहे.