अर्ध्याचा पाना

मिलिटरी नर्सिंगमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली, मेजर म्हणून निवृत्त झाले. मुलांनो, तरीही तुम्ही पत्रात विचारलेली सर्वांत कठीण सकाळ नोकरीतली नाही. ती कापडे गावातली आहे.

तिथे नाईक सखाराम माझे शेजारी होते. सैन्याच्या वर्कशॉपमधून नाईकाच्या हुद्द्यावर निवृत्त. पोलादपूर-महाडच्या भंगारातून ते जुन्या ट्रॅक्टरचे पाने शोधून आणत. ओळखायला मलाही त्यांनीच शिकवलं. जुन्या विलायती पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाच्या रुंदीचा नव्हे. अर्ध्याच्या पान्याचं तोंड जवळजवळ इंचभर असतं.

त्रेचाळीस पाने जमले. माझ्या पडवीत बोर्डवर टांगले. आकड्यांचा तो घोळ मला सहन होईना. मी प्रत्येक तोंड मोजून खाली त्या रुंदीची चिठ्ठी लावली.

"ही ऑफिसरची अक्कल हाय, मॅडम," ते हसले. "पान्याचं नाव पोलादातच कोरलंय."

चिठ्ठ्या राहिल्या.

जुलैत चिखलणी चालू होती. सकाळी सात दहाला त्यांचा ट्रॅक्टर बांधावरून उलटला. सात पंधराला मी पोहोचले. त्यांची डावी मांडी मडगार्डखाली अडकली होती, रक्त वाहत होतं. त्यांच्याच टॉवेलने मी ती वरून आवळली. खाचरात पाणी चढत होतं. चार माणसांना ट्रॅक्टर हलेना. मडगार्ड सोडवायचं तर चार बोल्ट. स्क्रूपाना नटावरून घसरत होता.

"अर्ध्याचा आणा," सखाराम म्हणाले.

त्यांची सून सुनीता माझ्या घरी धावली. मी फोन लावला.

"बोर्डजवळ आहेस?"

"हाय."

"अर्धा."

"अर्धा. मिळाला."

"पळ."

सात चाळीसला ती आली. हातात बोटभर पाना. तिने चिठ्ठी वाचली होती. माझं अक्षर, माझं अचूक माप: तोंड अर्धा इंच.

"ह्यो नाय गो," सखाराम म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "चहा सांगा, मॅडम. वेळ लागंल."

सुनीता पुन्हा धावली. मी त्यांचं डोकं पाण्याच्या वर धरून फोनवर ओरडत होते, "चिठ्ठी वाचू नकोस! लोखंडावरचं वाच!"

आठ पाचला पाना आला. सहा मिनिटांत चारही बोल्ट सुटले. आठ वीसला जीप निघाली. आठ पन्नासला, महाडच्या अलीकडे, नाडी थांबली. रुग्णालयाच्या दारापर्यंत मी छाती दाबत राहिले.

सात चाळीस ते आठ पाच. ती पंचवीस मिनिटं माझी आहेत. सुनीताने एकदाही तसं म्हटलं नाही.

संध्याकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्याचा पाना तिला दिला. तो आता ट्रॅक्टरच्या पेटीत असतो. बोर्डवर त्याची जागा रिकामी आहे.

तुम्ही आलात की बाकीचे बेचाळीस दाखवीन. हातात घेतलात की आधी गंज पुसायचा, मग पोलाद वाचायचं. नाईक सखाराम असंच शिकवायचे.