पाठ केलेले पाच निबंध

मंडळी, आज सकाळी बिरवाडीत वंदना भेटली. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नाते गावच्या बौद्धवाडीतली ही मुलगी माझ्याकडे दहावीला होती. शाळा सुटल्यावर मी तिला आणि आणखी चौघींना कॉलेजसाठी तयार करायचो. तयार म्हणजे काय, तर इंग्रजीचे पाच निबंध घोकून घ्यायचो. त्यातला एक परीक्षेत हमखास यायचा. वंदना स्वल्पविरामासकट लिहायची.

तिला इंग्रजीत चांगले मार्क पडले. मी शाळेत पेढे वाटले आणि हौसेने तिला महाडला सायन्सला घातलं.

तिथे सगळं इंग्रजीतून. महिन्याभरात ती घरी बसली. मी चिडून तिच्या आईला म्हणालो, "हिला शिकायचंच नाही."

आज ती कंपनीतल्या कामगारांचे डबे घेऊन निघाली होती. मला बघून रस्त्यातच पाया पडली.

"सर, तुमी लय मेहनत घेतलीत. मीच ढ. त्या वर्गात मला एक अक्षर कळायचं नाय. तुमचं नाव घालवलं मी."

मी म्हणायला हवं होतं, बाई, मी तुला इंग्रजी कधी शिकवलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "डबे रोज किती असतात गं?"

ती हसून "चाळीस" म्हणाली आणि गेली.

आता जाऊन खरं सांगू का तिला? साठीला आलेल्या बाईला ते कळून काय मिळणार, तुम्हीच सांगा.