मोडलेल्या स्थळाचा लॅपटॉप

आमच्या घरी लॅपटॉप आला तो पाहून, पारखून, एकदा हातचा घालवून आणि मग भर दुकानात भांडून आला. सख्ख्या सुनेच्या वेळीही माझ्या मामाने एवढी चौकशी केली नव्हती, आणि हे मामी स्वतः सांगते.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. आम्ही घाटंजीला राहायचो. बाबा कचेरीत कारकून होते आणि मी बी.कॉम. होऊन लग्नाचे व्हिडिओ काढत होते. हे शेवटचं आमच्या नातेवाइकांच्या घशाखाली उतरत नसे. पण हळदीला, मेंदीला, नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नको वाटतो, त्यामुळे मला बोलावणी यायची. त्या वर्षी कापूस बोंडातच किडला, मांडव लहान झाले, पंगतीतली एक मिठाई गेली. व्हिडिओ मात्र कोणी कमी केला नाही. ज्याच्या मांडवात माणसं कमी, त्याला तर व्हिडिओ जास्तच मोठा हवा असायचा.

काढणं माझं होतं, मिक्सिंग माझं नव्हतं. काढलेलं सगळं कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी चढवायची, याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. ते यवतमाळचा एक मिक्सिंगवाला करून द्यायचा. त्याला पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायचा भारी नाद. मंगलाष्टकांत पाकळ्या, जेवणावळीत पाकळ्या, आहेर घेताना पाकळ्या. महागावच्या एका नवरीला त्याने बर्फाच्या डोंगरावर उभं केलं होतं, अंगात साधं स्वेटरही नाही! आणि मी जीव लावून टिपलेलं, म्हणजे नवरीच्या आत्याचं फिदीफिदी हसणं, करवलीचं रुसणं, ते सगळं तो फालतू म्हणून उडवायचा. माझा संताप संताप व्हायचा.

त्यात माझ्या मैत्रिणीचं लग्न झालं, बोरी अरबला. ते मी नव्याने घेतलेल्या, म्हणजे दुसऱ्याने जुना केलेल्या, एचडी कॅमेऱ्यावर काढलं. हे मिक्सिंग मीच करायचं असा पण केला आणि घरचा जुना कॉम्प्युटर लावला. तो बिचारा बाबांचे अर्ज टाइप करण्यासाठी जन्मलेला. एचडी व्हिडिओ पाहून त्याला धाप लागली. अक्षता उडाल्या त्या हवेतच थांबल्या. मी जाऊन भाजी फोडणीला टाकून आले तरी अक्षता हवेतच.

त्याच सुमाराला दारव्ह्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, घर चांगलं. मध्यस्थाने निरोप आणला, मुलीबद्दल ऐकून सगळे खूश आहेत, येत्या रविवारी पाहायला येतात, फक्त लग्नानंतर तो कॅमेरा सुटला पाहिजे. आईने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे पाहिलं. बाबा कधी आवाज चढवत नसत. त्यांनी फक्त विचारलं, “तुयं हे काम आहे का हाऊस?”

“काम आहे.”

“काम म्हंजे सुरू केलं ते आपल्या हातानं पुरं व्हाले पाह्यजे. अर्धं तं तो यवतमाळवाला करते.”

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी म्हटलं, मला मिक्सिंग झेपेल असा लॅपटॉप घेऊन द्या, रविवारी पाहुणे यायच्या आत मैत्रिणीची निदान पाठवणी तरी माझ्या हाताने पूर्ण करून दाखवते. नाही जमलं तर हौस म्हणा आणि कॅमेरा कपाटात टाका. बाबा बरं म्हणाले. स्वस्तातला पण दमदार पाहू, म्हणाले. आणि तिथेच त्यांच्याकडून एक चूक झाली. त्यांनी मामाला फोन केला.

मामा शेतकरी. बोंडअळीने त्याला हंगामाच्या मध्येच रिकामं केलं होतं, पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कापसावर, नांगर फिरवून तो घरी बसला होता आणि कोणाच्या तरी भल्यासाठी काहीतरी ठरवायला त्याचे हात शिवशिवत होते. आमच्या खानदानातली सगळी स्थळं त्याने पाहिलेली. मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्यावर नवा दुपट्टा टाकून हजर झाला. सोबत मामी. मामीचं काय काम, असं आईने विचारलं तर म्हणाला, “बाईमाणूस सोबत असलेलं बरं. आतल्या गोष्टी तिलेच समजते.”

असे आम्ही पाच जण यवतमाळच्या लॅपटॉपच्या दुकानात शिरलो. दुकानदाराला वाटलं पाच लॅपटॉप खपले. त्याने पंखा वाढवला, चहा सांगितला. मामाने रांगेतले लॅपटॉप एका नजरेत न्याहाळले आणि एका चंदेरी, पातळ, तरतरीत लॅपटॉपपाशी तो थांबला. बोट न लावता, हात मागे बांधून त्याने विचारलं, “हे कोणाकडचं?”

दुकानदार गोंधळून म्हणाला, “कंपनीचं.”

“ते समजलं. घराणं कसं आहे?”

मी तोंडाला ओढणी लावली. दुकानदार मात्र हुशार निघाला. प्रोसेसर अमका, रॅम आठ जीबी, वजन फुलासारखं, असं त्याने सगळं कुळशील सांगितलं. “फक्त याच्यात कार्ड वेगळं नाही,” तो म्हणाला, “व्हिडिओच्या कामाले काही लोकं वेगळं कार्ड पाह्यतात.”

कार्ड म्हटल्याबरोबर बाबांचा चेहरा उजळला. कचेरीतला माणूस, इतका वेळ त्याला बोलायला जागाच मिळाली नव्हती. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि काउंटरवर आधार, पॅन, रेशन, मतदान अशा सगळ्या कार्डांच्या झेरॉक्स मांडल्या. “कोणतं लागते? रेशनचं केशरी आहे, चालन का?” मी म्हटलं, “बाबा, ग्राफिक कार्ड. चित्रासाठी असते, लॅपटॉपच्या आतच.” बाबांनी झेरॉक्स गोळा करता करता दुकानदाराला ऐकवलं, “मंग आधी सांगाले पाह्यजे न.”

मी पेन ड्राइव्हमधून मैत्रिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आणला होता. दुकानदाराला मिक्सिंगचं सॉफ्टवेअर टाकायला लावायचं आणि कस पाहायचा, असा माझा बेत. पण चंदेरी लॅपटॉपवर व्हिडिओ नुसता लावला मात्र, आणि बेत गेला उडत. एवढं स्वच्छ चित्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. मामीला नवरीच्या साडीचे काठ दिसले, आईला वरणातला कढीपत्ता दिसला. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक गुरुजी वाकून पाहू लागले आणि ओरडले, “अरे, हा तं माया साडभाऊ! मले म्हणे आजारी आहो, आन् इथं नाचून राह्यला!” मग तो साडभाऊ, म्हणजे गुरुजींचा साडू, पुन्हा मागे नेऊन दाखवावा लागला. चहावाला किटली घेऊन थांबला. दोन गिऱ्हाइकं अजून आली, तीही जेवणावळीपर्यंत बसली. नवरीच्या आत्याने बँडवाल्याच्या हातातली झांज हिसकावून वाजवली तेव्हा दुकानात टाळ्या पडल्या. मी काढलेलं पाहून परकी माणसं हसत होती आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. मिक्सिंग तपासायचं राहिलं, हे माझ्या डोक्यातूनही गेलं.

“पसंत?” दुकानदाराने विचारलं. “शेवटचा पीस आहे.”

पसंत तर सगळ्यांनाच होता. पण मामाने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. पहिल्याच बैठकीत होकार देणं हा त्याच्या मते गावंढळपणा. त्याने बाबांना डोळ्याने खुणावलं, दुपट्टा सावरला आणि दुकानदाराला म्हणाला, “घरी जाऊन विचार करतो. चार दिवसांत निरोप कळवतो.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मामा, तो लॅपटॉप आहे! घेऊन टाकायचा असतो!”

“घाई दाखवली की भाव खाते वं. राहू दे, कुठं पळून जाऊन राह्यला?”

गुरुवारी बाबांनी दुकानात फोन केला. तो पळून गेला होता. गुरुजींनीच नेला, साडभाऊला दाखवायला म्हणून.

मी रडले. हसण्यासारखं होतं, तरी रडले. रविवार समोर दिसत होता, कॅमेरा कपाटात जाताना दिसत होता, आणि वरून मामाचा फोन, “आपल्या नशिबात नवता, दुसरं पाहू.” दुसरं पाहायला आम्ही शनिवारी पुन्हा गेलो, पुन्हा पाच जण. दुकानदाराने या वेळी चहा सांगितला नाही.

मामाला सोनेरी रंगाचा लॅपटॉप दिसला, चंदेरीची जुळी बहीणच. तो हरखला. पण या वेळी मी पुढे झाले. आधी मिक्सिंग लावा, म्हटलं. तीन चित्रं एकावर एक, वर गाणं, आणि यवतमाळवाल्याच्या नाकावर टिच्चून थोड्या पाकळ्या. लावलं. अक्षता उडाल्या आणि हवेतच थांबल्या. मामाने सोनेरीच्या पाठीवर चापट मारून पाहिली, पण अक्षता काही खाली आल्या नाहीत. म्हणजे तो चंदेरीही असाच निघाला असता! मी मनातल्या मनात गुरुजींच्या पाया पडले.

“तुमच्या बजेटमध्ये मंग एकच आहे,” असं म्हणत दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक धूड काढलं. काळं, जाडजूड, पाट्यासारखं वजन. चालू केलं तर बटणांमधून लाल उजेड आणि पंख्याचा घुर्र आवाज. “एका पोरानं गेम खेळासाठी मागवला होता. ॲडव्हान्सबी दिला. मंग नेलाच नाही. म्हणून कमी भावात देतो. याच्यात कार्ड वेगळं आहे.”

मामाने ऐकलं ते एवढंच, की नेला नाही. तो बाबांच्या कानाशी लागला, पण मामाची कुजबूज शेजारच्या दुकानात जाते. “भाऊजी, मोडलेलं स्थळ आहे हे. काहून मोडलं, ते तं विचारा. खोट असल्याबिगर कोणी सोडते का?” मामी म्हणाली, “रंगबी काळा आहे.” आई म्हणाली, “आवाजबी मोठा आहे.”

मी तोवर लग्न लावलं होतं. तीन चित्रं, गाणं, पाकळ्या, मग हट्टाने आणखी पाकळ्या. अक्षता उडाल्या आणि खाली पडल्या. नवरा-नवरीच्या डोक्यावर, भटजींच्या टकलावर, सगळीकडे सरसर पडल्या. मी मागे नेलं, पुन्हा लावलं, पुन्हा पडल्या.  आणि मागे मामाचं चालूच होतं, आतून काही दोष असन, उगाच नाही ठेवून गेला तो पोरगा.

“खोट त्या पोरात असन मामा!” मी गर्रकन वळून म्हटलं. “याच्यात काहून? कोणी सोडून गेलं की याचाच दोष? याचं काम कोणी पाह्यलं का? रंग पाह्यला, आवाज पाह्यला, काम कोणी पाह्यलंच नाही! मले हाच पाह्यजे.”

 मामाला मी जन्मात उलटून बोलले नव्हते. मामीने पदर तोंडाला लावला, तिला हसू आलं होतं की काय कोण जाणे. बाबांनी वाकून अक्षता पडताना एकदा पाहिल्या. मग म्हणाले, “चालवणार कोण? थे पोरगी. तिले पसंत आहे. बांधा.”

मामा क्षणभर फुगला, पण फुगून राहणं त्याच्या स्वभावातच नाही. लॅपटॉप खोक्यात गेला तसा तो समोरून पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा त्याने दुकानदाराला भरवला.

रविवारी सकाळपासून मी पुढच्या खोलीत पाठवणी घेऊन बसले. लॅपटॉप घुरघुरत होता. आई पोहे भिजवत होती, साडी नेस म्हणून हाका मारत होती. बाबा शेजारी येऊन बसले ते उठलेच नाहीत. पडद्यावर मैत्रीण रडत होती, सगळ्या बाया रडत होत्या, आणि मागे, मांडवाच्या खांबाआड, तिचे वडील कोणाला दिसू नये म्हणून पाठ करून उभे होते. दुपट्ट्याने त्यांनी सगळा चेहरा झाकला होता. खांदे तेवढे हलत होते.

“तो यवतमाळवाला हे काढून टाकते का?” बाबांनी विचारलं.

“फालतू म्हणते.”

बाबांनी तेवढाच तुकडा पुन्हा मागे न्यायला लावला. मग म्हणाले, “तू ठेवशीन.”

मी ठेवलं. पाहुण्यांची गाडी दाराशी लागली तेव्हा पाठवणी पूर्ण झाली होती, एकही पाकळी न टाकता.

मी साडी नेसून स्वयंपाकघरात पोह्यांच्या बशा भरत होते. बाहेर पावसापाण्याचं झालं, कापसाचं झालं, बोंडअळीला सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या. मग मुलाचे काका म्हणाले, “बाकी सगळं बराबर आहे. ते कॅमेऱ्याचं तेवढं तुमी तिले समजावून सांगितलंच असन. आमच्याकडं हाऊस चालत नाही.”

“हाऊस नाही थे,” बाबांचा आवाज आला. “काम आहे तिचं.”

“ते असन. पण सोडा लागन.”

 आईच्या हातात चहाचा ट्रे होता, तो दाराच्या आतच थांबला. 

“मंग राहू द्या,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, कचेरीत एखादा अर्ज परत करावा तसाच साधा होता. “काही हरकत नाही. चहा घेऊन जा, थंडा होऊन राह्यला.”

मी ओट्याला धरून खाली बसले आणि मला हसू फुटलं, असं की आवरेना. आईने ट्रे ठेवला आणि माझ्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने ती स्वतःचं हसू दाबत होती.