बाजारात अडकलेलं अस्वल

शनिवारी संध्याकाळी मी आणि बायको वाल सोलत बसलेलो. तेच शेवटचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मोड आलेले वाल, मध्ये परात, एकेक दाणा चिमटीत धरून साल सोडवायची. कंटाळवाणं काम. नात आजीला चिकटून बसलेली, मांडीवर वाचनालयातलं अस्वलाचं पुस्तक. आजीचे हात ओले, म्हणून पानं नात उलटायची आणि आजी वाचायची. वाचतेय असं मी तरी धरून चाललेलो. ती माझ्या उजव्या हाताला बसलेली, आणि माझा उजवा कान कंपनीतल्या ब्लोअरनं कधीच खाल्लाय. त्या बाजूनं कोण बोललं तर नुसती गुणगुण येते. नात मध्येच खदखदून हसली.

"काय झालं गं?" मी मान वळवून विचारलं.

"काही नाही. तुम्ही वाल सोला," बायको म्हणाली. "आणि दाणे मोडू नका. निम्मी परात तुकड्यांनीच भरलीय तुम्ही."

मग हात पुसत उठली आणि नातीला म्हणाली, "बास आता. उरलेली उद्या."

हे तिचं रोजचं होतं. गोष्ट कधी पुरी करायची नाही. पुरी केली तर उद्या पोर जवळ कशाला येईल, म्हणायची.

रविवारी सकाळी देवापुढे दिवा लावून वळली, भिंतीला धरून खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. सोललेले वाल फ्रिजमध्ये राहिले. सुतकात कुणाला आठवण असणार? वास यायला लागला तेव्हा सुनेनं टाकले.

तेरावं झालं, माणसं गेली, मुलगा ठाण्याला नौपाड्यात कामावर जायला लागला. आणि नात रात्री ते पुस्तक उशीखाली घेऊन झोपायला लागली. पाच वर्षांची पोर. रडली नाही, आजी कुठे गेली म्हणून विचारलं नाही. फक्त पुस्तक सोडायची नाही. जेवताना मांडीवर, शाळेत जाताना दप्तरात. सुनेनं तिला ते वाचून दाखवलं तर हात मारून बंद केलं.

"ही नाही. खरी वाच."

"अगं, हेच लिहिलंय."

"खोटं लिहिलंय."

मुलानं वाचून बघितलं, तेच. मग त्यानं मोबाइलवर अस्वलाचे सिनेमे लावून दिले. तिनं मोबाइल उलटा करून ठेवला. तिचं म्हणणं एकच: आजीनं अस्वलाला बाजारात सोडलंय, ते अजून घरी आलेलं नाही, पुढचं कोणीतरी सांगा.

शेवटी मी बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला. कंपनीतल्या ड्रमवरची नावं वाचून नोकरी काढली, त्यापलीकडे वाचायची वेळ आली नाही. अक्षराला अक्षर लावत सगळं पुस्तक वाचलं, घाम निघाला. अस्वल जंगलात जातं, मध शोधतं, मध सापडतो, संपलं. बाजार नाहीच कुठे. पानागणिक दोन ओळी. ही गोष्ट तर आमच्याकडे अर्धा-अर्धा तास चालायची, आणि तरी संपायची नाही.

मी पुस्तक उलटंपालटं केलं. पाठीला काळी पट्टी, आत जाड दोऱ्याची शिवण. म्हणजे नंतर बांधून घेतलेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बांधताना पानं गेली. नातीला म्हटलं, "चल, वाचनालयात विचारू. बाजाराची पानं त्यांच्याकडेच राहिलीत."

मुलगा म्हणाला, "बाबा, परत करायचंच आहे ते. वाचनालयातून दोनदा फोन आला. करा आणि विषय संपवा."

"विषय तुझा संपला असेल," मी म्हटलं.

शनिवारी निघालो. मानपाडा रोडला रिक्षावाला भेटेना म्हणून चालत गेलो. पूर्वी तिघं जायचो. बायको आणि नात मुलांच्या खोलीत, मी बाहेर पेपरच्या टेबलावर. तिथे म्हातारे बसतात, एका पेपरची पानं चौघांत वाटून घेतात आणि पान पाच कुणाकडे म्हणून भांडतात. मी फोटो बघायचो. बायको सातवी पास होती आणि ते कुणाला विसरू द्यायची नाही, म्हणून मुलांच्या खोलीत मी कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा चपला काढून आत गेलो. खुर्च्या एवढ्याशा, माझा गुडघा वाकत नाही, उभाच राहिलो.

टेबलामागे वाचनालयातल्या बाई. पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

"ह्याची पानं खाल्लीत बांधणाऱ्यानं. अर्धी गोष्टच नाही."

त्यांनी पुस्तक चाळलं, शिवण बघितली. "काका, पानं सगळी आहेत."

"नाहीत. बाजार कुठाय त्यात?"

"कसला बाजार?"

"अस्वल बाजारात जातं तो! माझी बायको वाचायची. मी ऐकलंय." ऐकलं काय होतं, गुणगुण. पण मागे कशाला सरायचं?

बाई उठल्या, कपाटातून दुसरी प्रत काढली, न बांधलेली, कोरीकरकरीत. दोन्ही शेजारी ठेवून पान पान उलटून दाखवलं. जंगल, मध, संपलं. माझी मान खाली गेली.

बाई नातीकडे वाकल्या. "आजी कशी सांगायची गं? मला सांगशील?"

इतक्या दिवसांत घरात धड चार वाक्यं न बोललेली पोर, तिथे धडाधड सुरू झाली. पुस्तक उघडून अस्वलाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे अस्वल बनियनवर बाजारात जातं. खांद्यावर टॉवेल. त्याला अस्वलीण सांगते, बांगडे आणा, कल्ले उचलून बघा, लाल असले तरच घ्या. पण ते लाजतं. कोळीण म्हणते, ताजे आहेत काका, की ते लगेच पैसे देतं. मग घरी मासे वास मारतात. मग अस्वलीण ओरडते, 'अहो अस्वल, कल्ले बघितले का?' मग ते म्हणतं, 'बघितले की.' खोटं!"

पेपरच्या टेबलावरचे म्हातारे दारात येऊन उभे राहिले होते. त्यातला एक माझ्या खांद्यावरच्या टॉवेलाकडे बघून म्हणाला, "काय हो, टॉवेल ओळखीचा वाटतोय." सगळे हसले. बाईसुद्धा.

मी त्या एवढ्याशा खुर्चीवर बसलो. गुडघा दुखला तो दुखला.

सगळी माझीच लक्तरं. आयुष्यभर दर रविवारी मी बांगडे आणले आणि दर रविवारी तिनं मला तोच प्रश्न विचारला. आणि माझ्याच शेजारी बसून, माझ्या बहिऱ्या कानाशी, पोरीला हे सांगून हसवत होती. भली बाई. मला सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. कदाचित नसतो हसलो.

"मग पुढे?" बाईंनी विचारलं.

"आजीनं सांगितलं नाही. अस्वल परत बाजारात गेलंय. आजी म्हणाली उरलेली उद्या." मग ती माझ्याकडे वळली. "आबा, ते घरी येतं का?"

बाई पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "पाहिजे तर अजून पंधरा दिवस ठेवा."

ठेवून काय होणार होतं? त्यात जे नव्हतं ते पंधरा दिवसांनीही नसणार. पोरीनं ते छातीशी धरलेलं. ओढून घेता आलं असतं, पण मग ती परत तशीच मुकी झाली असती. मला तेवढंच कळत होतं.

"येतं घरी," मी म्हटलं.

"कसं?"

"उद्या सांगतो. हे देऊन टाक त्यांना."

"नक्की सांगशील?"

"सांगेन म्हटलं ना."

तिनं जरा वेळ मला नीट बघितलं. मग पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दुसरं न घेताच चपला घालायला गेली. बाई म्हणाल्या, "काका, पुढच्या शनिवारी या." घरी येईपर्यंत जीव दमून गेला. गोष्टी सांगणं माझं काम नव्हतं. ज्याचं होतं ते गेलं आणि अस्वल माझ्या गळ्यात मारून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नातीला उठवलं. "चल बाजारात."

तेराव्यानंतरही घरात मासे आले नव्हते. नेहमीची कोळीण लांबूनच ओरडली, "या काका, ताजे आहेत!" मी खाली वाकलो. एक बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला वर केला. काळपट. ठेवला. दुसरा उचलला.

"आयला, आज कल्ले बघताय? काकी ओरडल्या वाटतं?"

"गेली ती."

कोळणीनं पुढचा वाटा बाजूला सारला आणि पाटीतल्या बर्फाखालचे चार काढून माझ्यापुढे ठेवले. त्यांचेही कल्ले मी उचलून बघितले. नातीलाही दाखवले. लालभडक.

घरी सून म्हणाली, "द्या बाबा, मी साफ करते."

"नको."

मोरीत विळी घेऊन बसलो. नातीनं स्टूल आणून माझ्या उजव्या हाताला ठेवलं. मी तिला उठवलं, स्टूल डाव्या हाताला ठेवलं.

"हीच उरलेली?" तिनं विचारलं.

"हीच. आलं अस्वल घरी."

"घरी अस्वलीण आहे?"

"नाही. मेली ती."

ती बांगड्यांकडे बघत राहिली. "मग त्याला ओरडणार कोण?"

"कुणी नाही."

हे तिला पटलं नाही. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान एका बाजूला केली, आणि अगदी आजीच्याच आवाजात म्हणाली, "अहो अस्वल, कल्ले बघितले का?"

"बघितले," मी म्हटलं, आणि पहिल्या बांगड्याचं डोकं कापलं.